कवळीला राख नको, उकळतं पाणी नको

ताईंनो, गटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की बीपी, शुगर, अंगात रक्त कमी असणं, गुडघेदुखी यावर आपण भरभरून बोलतो. कवळीवर कोणी बोलत नाही. घरात मामाजींच्या नाही तर सासूबाईंच्या तोंडात कवळी असते. कुठे कुठे पन्नाशीच्या आतच आपल्यापैकी एखादीच्या तोंडात असते. पण ती कधी काढायची, कशाने धुवायची, रात्री कुठे ठेवायची, हे कोणी कोणाला सांगत नाही. बसवून देताना डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलेलं असतं, ते घरी पोचेपर्यंत निम्मं विसरून जातं. मग जो तो आपल्या मनाने करतो. कोणी चुलीच्या राखेने घासतं, कोणी बाळाची बाटली उकळावी तशी गंजात उकळतं, कोणी महिनोन्‌महिने तोंडातून काढतच नाही.

खाजगी दवाखान्यात पूर्ण कवळी करायला हजारो रुपये लागतात. नागपूरला सरकारी दवाखान्यात केली तर पैसे कमी लागतात, पण चार-पाच चकरा होतात, आणि प्रत्येक चकरेला एक दिवसाची मजुरी बुडते. एवढं करून आणलेली वस्तू चुकीच्या धुण्याने वर्षभरात वाकडी झाली की म्हातारं माणूस परत पेज-भातावर येतं. म्हणून या अंकात कवळीच्या सफाईचं सगळं नीट लिहिलं आहे. लागणारं सामान बहुतेक घरात असतंच, नसेल तर कामठ्याच्या दुकानात मिळेल.

कवळी कशाची असते?

जुन्या काळी कवळी लाकडाची, हस्तिदंताची, पुढे रबराची करत. जपानमध्ये १५३८ साली वारलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची लाकडी कवळी अजून जपून ठेवली आहे, म्हणजे बायकांनी कवळी लावणं काही आजचं नाही! १९३० च्या दशकापासून अ‍ॅक्रिलिक नावाचं गुलाबी प्लास्टिक आलं आणि आजही बहुतेक कवळ्या त्याचीच असतात. हिरडीसारखा दिसणारा गुलाबी भागही अ‍ॅक्रिलिकचा आणि त्यावरचे दातही बहुधा तशाच प्लास्टिकचे. काही दात शाबूत असतील तर अर्धी कवळी बसवतात, तिला तारेचे आकडे नाही तर धातूची पट्टी असते.

हे अ‍ॅक्रिलिक आपल्या खऱ्या दातापेक्षा बरंच मऊ असतं. खरा दात म्हणजे शरीरातली सगळ्यात कडक वस्तू, तो वर्षानुवर्षं घासणं सोसतो. अ‍ॅक्रिलिकवर मात्र खरखरीत काही घासलं की बारीक ओरखडे पडतात. ते डोळ्याला दिसत नाहीत, पण नवीन स्टीलच्या ताटाला तारेची घासणी लावल्यावर त्याची चमक जाते ना, तसंच होतं. त्या ओरखड्यांत अन्नाचा चिकट थर बसतो, थरात जंतू वाढतात आणि बुरशी घर करते. मग वास येतो. वास आला म्हणून माणूस आणखी जोरात घासतं, आणखी ओरखडे पडतात. कवळी खराब होते ती बहुतेक अशी, प्रेमाने घासून घासून.

दुसरी गोष्ट उष्णतेची. हे प्लास्टिक गरम पाण्यात थोडं मऊ पडतं आणि थंड होताना वेगळ्याच आकारात बसतं. बघायला काही फरक वाटत नाही, पण हिरडीवर बसणारी वस्तू जराशी जरी वाकली तरी हलते, टोचते, जखम करते. उकळलेली कवळी परत सरळ होत नाही. जंतू मारायला पाणी उकळणं ही चांगलीच सवय आहे, पण ती पिण्याच्या पाण्यासाठी. कवळीला साधं पाणी, फार तर आपला हात सहज राहील इतकं कोमट.

रोजची सफाई

प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून साध्या पाण्याने खळखळून धुवायची. एवढ्यानेच अर्धं काम होतं. मुर्रा, फुटाणे, चिवडा खाल्ल्यावर तर नक्कीच, कारण त्याचे कण कवळीखाली शिरून हिरडीला खुपतात. लग्नाला गेलं किंवा रोवणीला बांधावर जेवलं तर प्रत्येक वेळी जमणार नाही, तेव्हा निदान चूळ भरावी.

दिवसातून एकदा, शक्यतो रात्री झोपताना, नीट घासायची. आधी खाली घमेलं ठेवून त्यात चार बोटं पाणी घ्यायचं, किंवा जाड टॉवेल अंथरायचा. साबणाने कवळी निसरडी होते आणि हातातून सुटते. फरशीवर, न्हाणीच्या दगडावर पडली की तुकडा उडालाच म्हणून समजा. पाण्यात किंवा कपड्यावर पडली तर वाचते.

ब्रश मऊ हवा. लहान मुलांचा मऊ ब्रश चालतो. तो कवळीसाठीच वेगळा ठेवायचा, त्याला धागा बांधून खूण करा म्हणजे घरात अदलाबदल होणार नाही. साबण अंगाचा साधा चालतो, किंवा भांड्यांच्या पातळ लिक्विड साबणाचा एक थेंब. भांड्यांची वडी मात्र नको, तिच्यात भांडी घासायची भुकटी असते. कपड्यांचा साबण आणि निरमाही नको. आता टूथपेस्टचं. पुष्कळ घरांत टूथपेस्टच लावतात आणि ते चूक आहे असं कोणाला वाटतही नाही, कारण दातांची पेस्ट दातांना नाही तर कशाला? पण पेस्टमध्ये खऱ्या कडक दातांचा मळ काढायला बारीक खडूसारखी भुकटी घातलेली असते, अ‍ॅक्रिलिकला ती जास्त होते. साध्या साबणाचं काम पेस्टपेक्षा चांगलं आहे आणि स्वस्तही.

घासताना बहुतेक जण समोरचे दिसणारे दात चकचकीत करतात आणि ठेवून देतात. खरी घाण असते आतल्या बाजूला, जी हिरडीला आणि टाळूला चिकटून बसते तिथे. ती बाजू बोटाने चाचपून बघा. गुळगुळीत, बुळबुळीत लागली तर थर अजून आहे. घासून झाल्यावर किंचित खरखर अशी कोरडी पकड लागते, ताट राखेने घासल्यावर बोट फिरवलं की लागते तशी. तारेचे आकडे असतील तर त्यांच्या आतल्या वळणातही ब्रश फिरवा, पण आकडा धरून कवळी उचलू नका, तो वाकतो. शेवटी भरपूर पाण्याने धुवा, साबणाची चव राहायला नको.

कवळी निघाली की तोंडही धुवायचं असतं हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. दातच नाहीत तर घासायचं काय, असं मामाजी म्हणतात. हिरड्या, टाळू आणि जीभ ओल्या मऊ सुती कपड्याने बोटाने हळूच पुसून घ्या. जुन्या धोतराचा, लुगड्याचा स्वच्छ धुतलेला तुकडा त्याला उत्तम. याने हिरड्यांना थोडं मालीशही होतं आणि कवळीचा भार सोसायला त्या तयार राहतात.

स्वयंपाकघरातलं काय चालतं?

खाण्याचा सोडा चालतो आणि वासावर चांगला आहे. पेलाभर पाण्यात एक चहाचा चमचा सोडा विरघळवून त्यात कवळी बुडेल अशी ठेवायची. अन्नाचे कण कुजून आंबट आम्ल होतं, सोडा ते मारतो, आणि बुरशीला आंबटपणाच आवडतो म्हणून तिलाही त्रास होतो. रात्रभर ठेवली तरी अ‍ॅक्रिलिकला काही होत नाही. पण सोडा विरघळवूनच वापरा, कोरडा घेऊन ब्रशने खसाखसा घासू नका. आणि बघून घ्या की तो खाण्याचाच सोडा आहे. धुण्याचा सोडा दिसायला सारखाच असतो, पण फार तिखट असतो, तोंडाची कातडी सोलून काढेल.

पांढरा व्हिनेगर, म्हणजे चायनीजच्या गाडीवर बाटलीत असतो तो, वेगळ्या कामाचा आहे. कवळीवर, विशेषतः खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूला, पिवळसर पांढरा कडक थर बसतो. लाळेत चुन्यासारखे क्षार असतात, मळ तसाच राहिला की ते त्यात बसून दगडासारखे होतात. बोअरच्या पाण्याने गुंडाच्या आत पांढरा थर धरतो ना, त्याचाच हा भाऊ. हा थर साबणाने निघत नाही, सोड्याने तर नाहीच. आंबट वस्तूने सुटतो. म्हणून आठवड्यातून एकदा निम्मा व्हिनेगर, निम्मं पाणी करून कवळी अर्धा तास ठेवायची, मग मऊ ब्रशने घासून भरपूर धुवायची. तरीही थर गेला नाही तर सुरी, सुई, ब्लेड लावून खरवडायचं नाही. दातांचे डॉक्टर तो मशीनने काढून वरून पॉलिश करून देतात, थोड्या वेळाचं काम असतं.

अर्ध्या कवळीला धातूचे आकडे किंवा पट्टी असेल तर व्हिनेगर वापरू नका. आंबटाने आणि खारटाने धातूची चमक जाते, तो काळा पडतो. अशा कवळीला साबण-पाणी आणि तिच्यासाठीच असलेली मेडिकलमधली पावडर हाच मार्ग.

लिंबाचंही व्हिनेगरसारखंच, आंबट आहे म्हणून थर थोडा सैल करतं. पण लिंबाची फोड घेऊन कवळीवर चोळत बसण्यात अर्थ नाही, रस पाण्यात पिळूनच वापरा, आणि त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मिठाच्या पाण्याने चूळ भरली तर दुखऱ्या हिरडीला आराम मिळतो. ते तोंडासाठी. कवळीवर मीठ घासणं म्हणजे बारीक वाळूने घासण्यासारखं.

मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत असतो, सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा, फेस येईल, सगळी घाण निघेल. फेस खरा आहे, बघायला मजा येते. पण होतं काय, तर आंबट आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, फेसातून वायू उडून जातो आणि मागे जवळजवळ बेचव खारट पाणी उरतं. सोड्याचं कामही राहिलं आणि व्हिनेगरचंही. वापरायचे असतील तर वेगवेगळ्या दिवशी वापरा. मेडिकलमध्ये कवळीच्या गोळ्या आणि पावडर मिळते, तिलाही असाच फेस येतो, पण तिच्यात फेसाबरोबर डाग काढणारं आणि जंतू मारणारं औषध असतं, म्हणून ती काम करते. परवडत असेल तर जरूर वापरा. एक लक्षात ठेवा, ती गोळी तोंडात टाकायची नसते आणि ते पाणी गुळणी करायचंही नसतं. अमेरिकेत लोकांनी असं केल्याने घशाला जळण्याचे, अ‍ॅलर्जीचे प्रकार झाले, आणि २००८ साली तिथल्या औषध प्रशासनाने कंपन्यांना सूचना दिल्या. आपल्याकडे तर पाकिटावरची इंग्रजी कोणी वाचत नाही, म्हणून सूनबाईंनी वाचून सांगावं.

हे मात्र मुळीच नको

राख, कोळसा, विटेचा भुगा, काळं मंजन यांचं कारण वर आलंच, ओरखडे. गुडाखू लावायची सवय असलेल्या बाया कवळीवरही तीच फिरवतात. तीत तंबाखू आहे. कवळी काळी पडते आणि तंबाखू हिरडीला दाबून धरली जाते, म्हणजे दुप्पट नुकसान.

हळद जंतू मारते म्हणून कोणी हळदीच्या पाण्यात ठेवतं. अ‍ॅक्रिलिक रंग पिऊन घेतं, दात पिवळे होतात आणि तो पिवळा जाता जात नाही. पानाचा चुना नको. संडास-बाथरूमचं अ‍ॅसिड तर कोणी विचारातही आणू नये, पण डाग जात नाहीत म्हणून लोकांनी तेही करून पाहिलेलं असतं, म्हणून लिहावं लागतं.

विहिरीत टाकायची टीसीएल पावडर किंवा कपडे पांढरे करायचं ब्लीच हा थोडा वेगळा प्रश्न आहे. दातांचे डॉक्टर कधी कधी क्लोरीनचं अगदी पातळ औषध वापरायला सांगतात, तेही मोजून काही मिनिटं. घरात ते प्रमाण जमत नाही. जास्त झालं तर गुलाबी भाग पांढरा पडतो, धातू गंजतो, तोंड भाजतं. म्हणून आपल्या मनाने नको. आणि ब्लीच व व्हिनेगर किंवा ब्लीच व अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. हे फक्त कवळीपुरतं नाही, न्हाणी धुतानाही लक्षात ठेवा.

रात्री काढून ठेवायची, लाजायचं नाही

आता जरा नाजूक गोष्ट. पुष्कळ बायका कवळी रात्रीही काढत नाहीत. कारण विचारलं तर आधी सांगतात, सवय झाली. मोकळं बोलल्यावर खरं कारण निघतं. बिना दातांचं तोंड नवऱ्याने बघू नये, सुनेने बघू नये, नातवाने हसू नये. गाल बसलेले दिसतात, बोलताना हवा जाते, त्याची लाज वाटते. पुरुष माणूस अंगणात बसून सगळ्यांसमोर कवळी काढून खळखळ धुतो, त्याला काही वाटत नाही. बाई मात्र न्हाणीत दार लावून घाईघाईत धुते आणि ओलीच परत बसवते. या लाजेपायी तिची टाळू लाल होऊन बसते आणि कोणाला पत्ता नसतो.

हिरडीला रोज काही तास मोकळी हवा आणि लाळ मिळावी लागते. दिवसरात्र कवळी चिकटून राहिली की तिच्याखालची ओली, उबदार, अंधारी जागा बुरशीला फार मानवते. टाळू लाल होते, जळजळ होते, तोंडाचे कोपरे फाटतात. कित्येकदा काहीच दुखत नाही, नुसता लालपणा असतो. शुगर असलेल्या बायांना हे लवकर होतं. जपानमध्ये ८५ वर्षांच्या पुढच्या पाचशेहून जास्त लोकांची तीन वर्षं पाहणी केली, तेव्हा कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचं प्रमाण काढून झोपणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसलं. म्हाताऱ्या माणसाची लाळ झोपेत श्वासनळीत उतरते, तिच्याबरोबर कवळीवरचे जंतूही उतरतात, असं डॉक्टर समजावतात.

म्हणून रात्री काढायची. रात्री अगदीच जमत नसेल तर दुपारी घरात कोणी नसताना दोन-तीन तास तरी काढा, काहीच नसण्यापेक्षा ते बरं. घरच्यांनीही थोडं समजून घ्यावं. सासूबाईंच्या खाटेजवळ झाकणाचा डबा ठेवून दिला आणि त्यावर एक शब्द काढला नाही, तर अर्धी लाज तिथेच संपते.

काढलेली कवळी कोरडी ठेवायची नाही. अ‍ॅक्रिलिक थोडं पाणी धरून असतं, वाळलं की आकार किंचित बदलतो. साध्या स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. डबा झाकणाचा आणि वेगळ्या रंगाचा असावा. पाण्याच्या पेल्यात ठेवू नका, अंधारात कोणी पितं नाही तर सकाळी कोणी भांडी घासताना मोरीत ओतून देतं. कागदात, रुमालात गुंडाळून उशाशी ठेवलेली कवळी केरात जाते, उंदीर ओढून नेतो, कुत्रंही चावतं. हे सगळं घडतं, ऐकून हसू येतं, पण नवीन कवळीचा खर्च आला की हसू जातं.

सकाळी बसवताना पाण्याने धुवून ओलीच बसवायची.

अंथरुणाला खिळलेलं माणूस

लकवा मारलेल्या, विसरभोळ्या झालेल्या किंवा खाटेवरच असलेल्या माणसाची कवळी आपल्यालाच काढून धुवावी लागते. त्यांना उठवून बसवा, हात धुवून घ्या, अंगठा पुढच्या दातांवर आणि बोट आत ठेवून हळूच हलवा. वरची कवळी टाळूला चिकटलेली असते, ओढली तर दुखतं. गाल फुगवायला सांगा किंवा मागच्या बाजूने बोट घालून हवा जाऊ द्या, म्हणजे सुटते. ज्याला फीट येते, ज्याची शुद्ध हरपते, त्याच्या तोंडात झोपेत कवळी राहू देऊ नका, लहान अर्धी कवळी तर घशात अडकू शकते. ऑपरेशनला नेतानाही काढून घरच्या माणसाजवळ द्यायची असते. दवाखान्याच्या गडबडीत ती हमखास हरवते, म्हणून डबा सोबत न्या.

जखम बरी होत नसेल तर

नवी कवळी सुरुवातीला खुपतेच. एखाद्या ठिकाणी लाल होतं, छाला येतो. कानशीने, पॉलिशपेपरने घरी घासू नका. दोन-चार दिवसांत डॉक्टरकडे जा, जिथे खुपतं तिथे ते जरासं कमी करून देतात. जायच्या आदल्या दिवशी कवळी घालून ठेवा, म्हणजे कुठे लागतं ते त्यांना दिसतं.

पण एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि आपल्या भागात तर जास्तच. आपल्याकडे खर्रा घरोघरी आहे. पुरुष खातात, बायाही खातात, बांधावर रोवणी करताना एकमेकींना देतात. तोंडात जखम झाली, पांढरा किंवा लाल चट्टा आला, गाठ लागली, की कवळीवाला माणूस म्हणतो कवळीच लागली असेल. कवळी काढून ठेवल्यावर तिची जखम आठ-पंधरा दिवसांत भरून येते. भरली नाही, तर ती कवळीची नाही असं समजून दवाखाना गाठायचा. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही, म्हणूनच माणूस वाट बघत राहतं. दुखत नाही म्हणजे साधं आहे, असं नाही. तोंड कमी उघडत असेल, तिखट सहन होत नसेल, तरीही दाखवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तोंड तपासून पुढे गोंदियाला पाठवतात. आशाताईला सांगितलं तर ती सोबतही येते.

टाळू लाल झाली असेल तर नुसती कवळी धुवून भागत नाही. बुरशीचं औषध डॉक्टर देतात, ते तोंडालाही आणि कवळीलाही लावायचं असतं. एकाच ठिकाणी लावलं तर दुसऱ्या ठिकाणाहून परत येते.

ढिली झाली, तुटली

पाच-सात वर्षांनी चांगली ठेवलेली कवळीही ढिली होते. कवळी लहान होत नाही, खालचं हाड झिजून हिरडी बसते. डॉक्टर आतून नवा थर देऊन ती घट्ट करून देतात, दर वेळी नवीनच करावी लागते असं नाही. तुटली तर फेव्हिक्विकने चिकटवू नका. तो गोंद तोंडासाठी नाही, आणि तुकडा केसभर जरी वाकडा बसला तरी मग डॉक्टरलाही तो नीट जोडता येत नाही. सगळे तुकडे डब्यात घालून न्या, अगदी बारीक दाताचा तुकडासुद्धा.

बाजारात, रस्त्याच्या कडेला दोन-तीन दात बसवून देणारे बसतात. स्वस्तात पक्के दात, असं सांगतात. ते दात शेजारच्या खऱ्या दातांना प्लास्टिकने कायमचे चिकटवलेले असतात, काढताच येत नाहीत. जे निघत नाही ते धुवायचं कसं? खाली अन्न कुजतं, वास येतो आणि धरून ठेवलेले चांगले दातही हलायला लागतात. या लेखातली एकही युक्ती तिथे चालणार नाही. कोणी असे दात बसवले असतील तर डॉक्टरकडून काढून घ्या.

कवळी कुठे मिळेल?

गोंदियाला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दातांचा विभाग आहे, आधी तिथे दाखवावं. पूर्ण कवळीसाठी पुष्कळ जण नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जातात. तिथे शिकणारे डॉक्टर मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली करतात, म्हणून वेळ लागतो. एकदा माप, मग चावा बघायचा, मग मेणावर दात लावून दाखवतात, मग कवळी, मग खुपतं का बघायला परत. मेणावर दात दाखवतात तेव्हा आरशात नीट बघून घ्या आणि रंग, आकार आवडला नाही तर तेव्हाच बोला. नंतर बदलता येत नाही. बाया इथे गप्प बसतात.

केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना १ एप्रिल २०१७ ला सुरू झाली. साठ वर्षांवरच्या गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, कानाचं मशीन, चष्मा, व्हीलचेअर यांबरोबर कवळीही देण्याची सोय त्यात आहे. दारिद्र्यरेषेचं कार्ड किंवा महिन्याचं उत्पन्न पंधरा हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. यासाठी जिल्ह्यात तपासणी शिबिर लागतं, त्यात नाव नोंदवावं लागतं. राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना वेगळी आहे, ती पासष्ट वर्षांवरच्यांसाठी असून तिचे तीन हजार रुपये खात्यात येतात. नावं सारखी असल्याने दोन्हींची गल्लत होते आणि लोक चुकीचा फॉर्म भरून बसतात. शिबिराची तारीख ग्रामपंचायतीत किंवा समाजकल्याण कार्यालयात विचारून ग्रामसंघाच्या बैठकीत सांगितली, तर ज्यांच्या घरी दात नसलेलं माणूस आहे त्यांची नावं एकत्रच देता येतील.

जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो घ्या. शुगर, बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी घ्या. जुनी कवळी असेल, ती कितीही मोडकी असली तरी पाण्याच्या डब्यात घालून सोबत न्या. तिच्यावरून डॉक्टरांना पहिल्या दातांची ठेवण आणि चावा कळतो, आणि नवी कवळी तोंडाला लवकर सरावते.